मनाचाही सराव लागतो!

सोलापूर : पहाटे पार्क मैदानावर चक्कर मारली, तर शरीराच्या सरावाचे सारे प्रकार दिसतात. कुणी धावत असतो, कुणी जाळ्यात फलंदाजी करतो, कुणी खो-खोच्या खांबाभोवती वळण घेण्याचे तंत्र घोटत असतो. मनाचा सराव करणारा मात्र क्वचितच आढळतो. राज्य स्पर्धेत ऐनवेळी हात आखडला, की प्रशिक्षक ‘टेम्परामेंट कमी पडले’ असे म्हणून मोकळे होतात. जणू हा गुण जन्मतःच मिळतो किंवा मिळत नाही! क्रीडा मानसशास्त्राचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. एकाग्रता, दडपणावर ताबा आणि चुकीनंतर सावरणे ही कौशल्ये आहेत. ‘कव्हर ड्राइव्ह’प्रमाणे तीही शिकता येतात आणि सराव सुटला की गंजतात.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण सोलापुरातच जन्मलेल्या एका क्रिकेटपटूचे आहे. पॉली उम्रीगर 1952च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले, तेव्हा कौंटी संघांविरुद्ध त्यांनी धावांची रास ओतली आणि दौऱ्यात 1,600हून अधिक धावा जमवल्या. कसोटीत मात्र फ्रेड ट्रूमनच्या वेगासमोर सात डावांत अवघ्या 43 धावा! हात तेच, बॅट तीच, दौराही तोच. पुढच्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी दोन शतके ठोकली. 1955मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223 धावा करून ते कसोटीत द्विशतक झळकावणारे पहिले भारतीय ठरले. 1962मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला, वेस्ली हॉलसारखा वेगवान गोलंदाज समोर असताना, त्यांनी एकाच सामन्यात 56 व नाबाद 172 धावा केल्या आणि पाच बळीही घेतले. हे परिवर्तन केवळ मनाचे होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अनुभव आणि तंत्र यांचाही त्यात वाटा असणारच. त्या काळी अशा खेळाडूच्या मदतीला मानसतज्ज्ञ नसे. जो तो आपल्या परीने सावरत असे आणि ज्याला ते जमत नसे, तो विस्मृतीत जात असे.

महाराष्ट्रात या कामाला शिस्त लावली ती नाशिकच्या भीष्मराज बाम यांनी. भारतीय पोलिस सेवेतील हे अधिकारी नेमबाजीच्या वाटेने क्रीडा मानसशास्त्राकडे वळले. योगशास्त्रातील श्वासाचा आणि एकाग्रतेचा अभ्यास त्यांनी आधुनिक मानसशास्त्राला जोडला. राहुल द्रविड, पुल्लेला गोपीचंद, अंजली भागवत अशा अनेकांनी त्यांचे मार्गदर्शन घेतले. ‘मार्ग यशाचा’ हे त्यांचे पुस्तक मराठी वाचकांना परिचित आहे. मे 2017मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले. मानसिक तयारीसाठी परदेशी तज्ज्ञच हवा, हा समज त्यांच्या कामामुळे बराच मागे पडला.

दडपण म्हणजे नेमके काय?

दडपण सर्वस्वी वाईट नसते. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी 1908मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेला विचार आजही आधार मानला जातो. उत्तेजना फार कमी असेल तर कामगिरी सुस्त होते. ती फार वाढली तर घसरते. ही मधली पातळी खेळागणिक बदलते. कुस्तीगीराला आखाड्यात उतरताना जो आवेश लागतो, तोच नेमबाजाला घातक ठरतो. नेमबाज हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत क्षणी चाप ओढण्याचा प्रयत्न करतो, ते यामुळेच.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. अंगवळणी पडलेली कृती विचार न करता घडत असते. दडपणाखाली खेळाडू तिच्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देऊ लागतो (मनगट कुठे आहे, पाऊल कसे पडते) आणि सुरळीत चाललेले यंत्र अडखळते. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून पाहा, म्हणजे पटेल! म्हणून ‘नीट लक्ष दे’ हा मैदानाबाहेरून ओरडून दिलेला सल्ला अनेकदा नुकसानच करतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याची कहाणी येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. 2023मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. उभ्या स्थितीतील एकच नेम 7.6 गुणांवर गेला आणि वैयक्तिक पदक हुकले. तो चौथा आला. दहा महिन्यांनी, 1 ऑगस्ट 2024 रोजी, पॅरिसच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत गुडघ्यावरील स्थितीनंतर तो सहाव्या स्थानी होता. तेथून टप्प्याटप्प्याने वर येत 451.4 गुणांसह त्याने कांस्यपदक मिळवले.

सराव कसा करायचा?

मुख्य साधने चारच, आणि त्यांना खर्च जवळपास नाही. श्वास सर्वांत आधी. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ दिला की नाडी सावकाश होते. दुसरे साधन कल्पनाचित्राचे. डोळे मिटून केवळ विजयाची स्वप्ने पाहणे म्हणजे कल्पनाचित्र नव्हे. मैदान, प्रेक्षकांचा गलका, हातातील बॅटचे वजन आणि झालेल्या चुकीनंतर पुन्हा उभे राहणे हे सारे त्यात हवे. असा मानसिक सराव प्रत्यक्ष सरावाला पूरक ठरतो, त्याची जागा घेत नाही. तिसरे, प्रत्येक चेंडूपूर्वी किंवा नेमापूर्वी ठरलेला क्रम. मन भरकटले तरी शरीर या खुंटीला धरून राहते. चौथे स्वसंवाद. ‘आउट होऊ नकोस’ असे बजावण्याऐवजी ‘चेंडू पाहा’ हा छोटा, कृतीचा शब्द उपयोगी पडतो. हे सारे स्पर्धेच्या आदल्या रात्री आठवून चालत नाही. रोज दहा-पंधरा मिनिटे, काही आठवडे, आणि तेही साध्या सरावसामन्यांतून सुरू करावे लागते.

शहरात अधूनमधून होणारी ‘प्रेरणादायी’ व्याख्याने आणि हे प्रशिक्षण यांची गल्लत करू नये. टाळ्यांचा प्रभाव मुलगा घरी पोहोचेपर्यंत ओसरतो.

स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यालाही हीच साधने लागू पडतात. निकाल त्याच्या हाती नसतो. आज किती प्रश्न वेळ लावून सोडवायचे, हे मात्र असते. घड्याळ लावून, अनोळखी खोलीत, आवाजाच्या सान्निध्यात सराव परीक्षा दिली, तर प्रत्यक्ष परीक्षेतील दडपण ओळखीचे होते. पालकांनीही निकालाची चौकशी दारातच करू नये, हे ओघाने आलेच.

मात्र झोप उडणे, सतत उदास वाटणे, खेळच नकोसा होणे ही लक्षणे दिसल्यास मनोबलाचे धडे देत बसू नये. 2021मध्ये टोकियोत सिमोन बाइल्सने हवेतील दिशाभान हरपल्यामुळे अनेक प्रकारांतून माघार घेतली. तिच्यावर टीकाही झाली. पुढे उपचार घेऊन परतलेल्या याच खेळाडूने 2024मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.