विद्यामंदिराच्या दारातील फुकटची भेट

व्यापार विद्यामंदिरात शिरतो तेव्हा तो तराजू हाती घेऊन येत नाही. तो मित्राच्या रूपाने येतो. अमेरिकेतील महाविद्यालयांचा इतिहास याची साक्ष देतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील महाविद्यालये तरुणांनी गजबजून गेली. या वयात जडलेली सवय जन्मभर साथ करते, हे सिगारेट कंपन्यांनी अचूक हेरले होते. त्यांनी विद्यार्थ्यांमधूनच आपले प्रतिनिधी नेमले. हे प्रतिनिधी आपल्या सहाध्यायांना नमुन्याची छोटी पाकिटे फुकट वाटीत. दुकानदाराला नकार देणे सोपे असते. शेजारच्या बाकावरील मित्राला नकार कसा द्यावा?

विद्यार्थ्यांची वृत्तपत्रेही या जाहिरातींच्या उत्पन्नावर विसंबू लागली. १९५४ पासून मॅक्स शुलमन या विनोदी लेखकाचे सदर फिलिप मॉरिस कंपनीच्या खर्चाने अशा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागले. वाचक मनमुराद हसे आणि हसता हसता सिगारेटच्या नावापाशी येऊन थांबे.

वास्तविक धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल व हिल या संशोधकांनी १९५० मध्येच ब्रिटनमध्ये दाखवून दिला होता. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही स्पष्ट इशारा दिला. लोकमताचा रेटा वाढला, तेव्हा जून १९६३ मध्ये प्रमुख कंपन्यांनी महाविद्यालयीन वृत्तपत्रांतील जाहिराती थांबविण्याचे जाहीर केले. ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलांचा प्रसिद्ध अहवाल आला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कंपन्यांनी स्वतःसाठी आचारसंहिता आखली आणि महाविद्यालयांच्या आवारातील नमुनेवाटपही त्याज्य ठरविले.

म्हणजे ते दार बंद झाले, ते मुख्यत्वे बाहेरून! आतल्या रखवालदारांना जाहिरातींच्या उत्पन्नाची सवय जडली होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पुढे वस्तू बदलली. रीत मात्र तीच राहिली. क्रेडिट कार्ड कंपन्यांनी महाविद्यालयांच्या आवारात टेबले मांडली. अर्ज भरणाऱ्यास टी-शर्ट भेट मिळे. कर्जाची जाणीव मागाहून होई. अखेर २००९ च्या कायद्याने महाविद्यालयात वा त्याच्या आसपास अशा भेटी देऊन विद्यार्थ्यांकडून अर्ज भरून घेण्यास मनाई केली.

आपल्या देशातही २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस बंदी केली आहे. परंतु कायदा अंतर मोजतो. मैत्रीच्या हाताने आलेली भेट त्याला कशी मोजता यावी? मुलांच्या महाविद्यालयीन महोत्सवाचे रंगीत फलक पाहताना पालकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : या उत्सवाचा खर्च कोणी केला, आणि त्याच्या मोबदल्यात त्याला आमच्या मुलांकडून काय हवे आहे?