प्रशिक्षणार्थीचे घर : चांदा ते गडचिरोली

१/ माझी पत्नी सध्या पोलीस शिपाई पदाचे नऊ महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण घेत आहे. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातले. रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. मी कलमे विचारतो, ती उत्तरे देते. इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मनात एक प्रश्न घर करून बसला. प्रशिक्षणार्थीच्या मागे उभ्या असलेल्या घराला पोलिसांच्या इतिहासात जागा कुठे आहे? हा थ्रेड त्या शोधाचा.

२/ आरंभ चांद्यापासून. नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८५४ मध्ये हा प्रदेश कंपनी सरकारकडे गेला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी उठाव केला. इंग्रजांना ते जंगलात सापडेनात. अखेर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने ते पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

३/ या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. इथले रान आणि इथली नाती ओळखणारे कुणी सोबत नसेल, तर या प्रदेशात शासनाचे हात तोकडे पडतात. सरकारने मात्र वेगळी वाट धरली. १८६० ची दंड संहिता, १८६१ चा पोलीस कायदा. सर्वत्र एकाच साच्याचे पोलीस उभे करण्याचा हा प्रयत्न होता.

४/ तो साचा किती कच्चा होता, हे १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने सांगितले. अध्यक्ष होते सर अँड्र्यू फ्रेझर. त्यांची बरीच सेवा मध्य प्रांतातच झालेली. पोलीस दल अकार्यक्षम, प्रशिक्षणात उणे आणि जनतेला जाचक आहे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. उपाय म्हणून प्रशिक्षण शाळा सुचवल्या गेल्या, आणि शिपायाला महिना किमान ८ रुपये वेतनही.

५/ मुंबई इलाख्याची प्रशिक्षण शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला निघाली आणि १९०९ मध्ये नाशिकला गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. चांदा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांताची शाळा १९०६ पासून सागरला होती. १९५६ मध्ये चांदा मुंबई राज्यात आला आणि सागरचा संबंध सुटला.

६/ या शाळांमागची शिस्तीची कल्पना लष्करी होती. घर सोडायचे, बराकीत राहायचे, हजेरी, कवायत, संचलन. शिपाई घडवायचा तर त्याला आधी घरापासून वेगळा काढायचा. माझ्या वाचनात तरी दप्तरात घर दोनच ठिकाणी डोकावते : रजेच्या अर्जात आणि क्वार्टरच्या मागणीत.

७/ स्वातंत्र्यानंतरही शिपायाला स्वतःचे गाऱ्हाणे मांडणे सोपे झाले नाही. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटनेवर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर निर्बंध आणले. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत शिपायांचा असंतोष उफाळला. सैन्य बोलवावे लागले. त्यानंतर आठच दिवसांनी, २६ ऑगस्टला, चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला.

८/ गणवेशातल्या माणसाला बोलता येत नाही, तेव्हा घर बोलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या तेलंगणात विशेष पोलीस दलातील शिपायांच्या पत्नी रस्त्यावर उतरल्या. घरापासून सतत दूर ठेवणाऱ्या नेमणुकांविरुद्ध त्यांचा आवाज होता.

९/ आता गडचिरोली. १९८० च्या सुमारास नक्षलवादी दलांनी इथल्या जंगलात पाय रोवले. बाहेरून आलेल्या पोलिसांना ना वाटा ठाऊक, ना माडिया-गोंडी बोली. म्हणून १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने स्थानिक तरुणांचे पथक उभे राहिले. आरंभी साठ जण. म्हणून नाव सी-६०.

१०/ माझ्या मते पोलीस प्रशिक्षणाच्या इतिहासातले हे मोठे वळण आहे. फ्रेझरच्या साच्यात घर ही अडचण होती. इथे तीच पात्रता ठरली. आईची भाषा, वडिलांबरोबर तुडवलेले रान, मामाच्या गावाची वाट, हे कोणत्याही अकादमीत शिकवता येत नाही. जवानाचे निम्मे प्रशिक्षण घराने आधीच केलेले असते.

११/ पण घर उपयोगी ठरले, तसे ते जोखमीतही आले. दलात गेलेल्याच्या कुटुंबाला धमक्या येऊ लागल्या. कित्येक कुटुंबांनी शेत आणि गाव सोडून गडचिरोली शहरात भाड्याच्या खोल्या घेतल्या. शपथ एकाने घेतली. गाव मात्र सगळ्यांचे सुटले.

१२/ आणि २००९. फेब्रुवारीत मरकेगाव, १५ पोलीस. मे महिन्यात हत्तीगोटा, १६. ऑक्टोबरमध्ये लाहेरी, १७. हत्तीगोट्याला पडलेल्यांत पाच महिला पोलीस होत्या. पत्नीने भरतीचा अर्ज भरला त्या रात्री हे नाव तिने काढले नाही, मीही काढले नाही. दोघांनाही ते आठवत होते.

१३/ आधार म्हणजे काय, हे मला या काळात थोडे कळले. यंदाची धानाची रोवणी तिच्याविना झाली. सासूबाईंची औषधे मी आणतो. पहिल्या महिन्यात पायाच्या नळ्या इतक्या दुखत की ती फोनवर नुसती गप्प असे. ‘ये’ म्हणावेसे वाटे, म्हटले नाही. ‘राहा’ असेही म्हटले नाही. तो निर्णय तिचा होता.

१४/ मग कलमांची उजळणी सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. मी लहानपणापासून ऐकलेले खुनाचे ३०२ आता १०३ झाले. चोरीचे ३७९ आता ३०३. १८६० चे आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. ती माझ्या चुका सुधारते आणि त्यातच तिचा अभ्यास होतो.

१५/ एक तारीख राहिली. २१ ऑक्टोबर. १९५९ मध्ये याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मारले गेले. म्हणून तो पोलीस स्मृतिदिन. आणि तोच बाबूरावांचा बलिदानदिन. पत्नीचे माहेर गोंड. त्या दिवशी तिथे बाबूरावांच्या प्रतिमेला हार घातला जातो. पुढच्या वर्षी ती त्याच सकाळी गणवेशात मानवंदनेला उभी असेल. तिला यात विसंगती वाटत नाही. ‘दोन्ही माणसे आपलीच,’ ती म्हणते. मी अजून यावर विचार करतो आहे.

१६/ शेवटी एक विनंती. तुमच्या घरात कुणी सागर, नाशिक, नागपूर किंवा अन्य प्रशिक्षण केंद्रांतून पाठवलेली पत्रे असतील, घरून गेलेली उत्तरे असतील, तर ती रद्दीत घालू नका. सरकारी दप्तरात नसलेला इतिहास त्यांत आहे. आमच्याकडे पत्रे नाहीत. म्हणून रविवारचा फोन ठेवला की मी तारीख घालून वहीत चार ओळी लिहितो.