बारा अधिक तीन, एकशे तेवीस

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं हट्टा. हा सगळा पट्टा हळदीचा. समजा, इथल्या एका मुलानं घरच्या हळदीचा हिशेब ठेवायला मोबाइलवर छोटं ॲप बनवलं. रकान्यात 12 क्विंटल भरले, त्यात आणखी 3 मिळवले. उत्तर आलं 123.

ॲप बिघडलेलं नाही. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे आणि रकान्यात भरलेलं 12 त्या भाषेच्या लेखी आकडा नाही, अक्षरं आहेत. अक्षरांना आकडा मिळवला की तो शेजारी चिकटतो. आता प्रश्न असा, की ही चूक कुणाला आणि कधी दिसावी? लिहिणाऱ्याला, ॲप चालवण्याआधी? की काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला? प्रोग्रामिंगच्या भाषांमधलं हे भांडण फार जुनं आहे.

सुरुवातीला भांडायलाही जागा नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत 40 बिटांचे 2048 शब्द मावत. एखाद्या शब्दात आकडा आहे की यंत्राला दिलेली आज्ञा, हे अशा यंत्रांना कळत नसे. ते लिहिणाऱ्यानं डोक्यात ठेवायचं.

त्याच काळात भाषांच्या दोन वाटा झाल्या. अल्गोल 60 म्हणाली, प्रत्येक नावाचा प्रकार आधी जाहीर करा. लिस्प म्हणाली, चालता चालता बघून घेऊ. पहिल्या वाटेनं रॉबिन मिल्नर पुढे गेले. त्यांच्या एमएल भाषेत प्रकार लिहून देण्याचीही फारशी गरज नव्हती. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतानाच, म्हणजे कंपाइल होताना, संगणक ते स्वतः ओळखायचा. ही तपासणी पार केलेला प्रोग्राम प्रकारांच्या बाबतीत चुकणार नाही, हे मिल्नरांनी 1978 च्या निबंधात गणितानं सिद्ध केलं. ‘हळद विकला’ ऐकताच आपला कान अडतो. हळद कुणाची, कितीला गेली, हे कळायची गरज नसते. ही तपासणीही तशीच.

पण लिस्पवाल्यांना हा जाच वाटे. 1990 मध्ये एका निबंधानं मधली वाट सुचवली. लेखक सतीश थत्ते. आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं. त्यांनी प्रोग्रामचे तीन ढीग केले: नक्की बरोबर, नक्की चूक आणि संशयित. चुकीचा तिथेच अडवायचा. संशयिताला जाऊ द्यायचं, पण संशयाच्या जागी चौकी बसवायची. प्रोग्राम चालताना तिथे तपासणी होणार.

यात एक भोक होतं. ‘माहीत नाही’ या प्रकाराशी सगळ्यांचंच जमत असल्यानं, त्याच्यामार्फत आकडा आणि अक्षरं यांचंही जमून जायचं. सगळे प्रकार नीट लिहिले तरी काही चुका आधी पकडल्या जात नसत. 2006 मध्ये जेरेमी सीक आणि वलीद ताहा यांनी हे भोक बुजवलं. मधला माणूस दोन्ही घरांच्या ओळखीचा असला म्हणून त्या दोन घरांत सोयरीक जुळत नाही, एवढाच त्यांचा नियम. या पद्धतीला त्यांनी ग्रॅज्युअल टायपिंग हे नाव दिलं.

2012 मध्ये मायक्रोसॉफ्टनं टाइपस्क्रिप्ट आणली. हट्ट्याच्या त्या मुलानं ती वापरली आणि बेरजेचं उत्तर आकडाच हवं असं लिहून ठेवलं, तर 123 ची चूक ॲप चालण्याआधीच दिसेल. पण चौक्या मात्र तिनं मुद्दामच ठेवल्या नाहीत. कंपाइल झालं की प्रकार पुसले जातात. सर्व्हरकडून आलेल्या माहितीला ‘एनी’, म्हणजे काहीही चालेल, असं म्हटलं की ती विनातपासणी आत येते. म्हणजे थत्त्यांच्या कल्पनेतली मोकळीक लोकप्रिय झाली, पहारा मात्र मागे पडला. चौकीला वेळ लागतो, ॲप मंदावतं, हे कारण खरं आहे. त्याची किंमत मात्र वापरणाऱ्याकडे सरकते.

शिवाय 12 ऐवजी 21 क्विंटल लिहिले, तर यातली कुठलीही भाषा बोलणार नाही. दोन्ही आकडेच आहेत. तिथे काट्याची पावती पुन्हा बघावी लागते.