घरासाठी लाकूड निवडताना : प्रस्तावना

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पलंग आणि आसने यांच्यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. ग्रहांच्या गती, पाऊस आणि भूकंप यांचा विचार ज्या गांभीर्याने केला, त्याच गांभीर्याने सहाव्या शतकातला हा पंडित माणसाने कोणत्या लाकडावर बसावे-झोपावे हेही सांगतो. बिबला, देवदार, शिवण, साग, शिसू ही झाडे तो चांगली मानतो. वीज पडलेले किंवा वाऱ्या-पाण्याने उन्मळलेले झाड नको म्हणतो. लाकडातल्या छिद्रांना त्यांच्या आकारावरून वेगवेगळी नावे देतो. त्यातला शकुनाचा भाग बाजूला ठेवला, तरी तीन भक्कम प्रश्न उरतात : झाड कोणते, ते कसे पडले आणि लाकडात दोष कुठे आहे. नवा संसार मांडणाऱ्या किंवा जुन्या घराची डागडुजी करणाऱ्या वाचकाने याच प्रश्नांपासून या विषयात यावे, असे मला मनापासून वाटते.

विषय पहिल्या नजरेला पसरट वाटतो. वनस्पतिशास्त्र, सुतारकाम, वास्तूंचा इतिहास, लाकडाचा बाजार आणि जंगलाचे कायदे या सगळ्यांचा त्यात हात आहे. नवख्याने बिचकू नये. एक गोष्ट नीट समजली की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. झाड तोडले, चिरले, रंधले, त्यावर पॉलिश चढवले, तरी लाकूड हवेतल्या पाण्याशी देवघेव करतच राहते. पावसाळ्यात ते ओल घेऊन फुगते आणि उन्हाळ्यात ती सोडून आक्रसते. शंभर वर्षांचा पलंगही याला अपवाद नाही.

या हालचालीला दिशा असते. ताज्या लाकडातले मोकळे पाणी निघून गेल्यावर पेशींच्या भिंतींत साधारण २८ ते ३० टक्के ओल उरते; तीही सुकू लागली की लाकूड आक्रसायला लागते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत तो थोडा असतो आणि वाढीच्या वर्तुळांच्या कडेने त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणूनच एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्या वेगळ्या वागतात : एक सपाट राहते, दुसरीला वाक येतो. साग हे या बाबतीत अतिशय शांत लाकूड. तरीही फूटभर रुंदीची सागवानी फळी वर्षभरात दोन-तीन मिलिमीटर सहज हलते. भारतीय मानकांत लाकडातल्या ओलीच्या मर्यादा ठरवताना देशाचे हवामानाप्रमाणे चार विभाग केले आहेत, ते याचसाठी. रत्नागिरीत बनवलेले कपाट नागपूरच्या मे महिन्यात नेले तर त्याच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. त्यात सुताराचा दोष असेलच असे नाही.

जुन्या वाड्याचा दिल्हेदार दरवाजा या नजरेने पाहावा. भोवतीची चौकट कुसू (खाचेत बसणारे टोक) आणि खाच यांनी घट्ट बांधलेली असते, पण मधली फळी, म्हणजे दिल्हा, चौकटीच्या खाचेत मोकळाच बसवलेला असतो. तो खिळ्यांनी ठोकलेला नसतो, सरसाने चिकटवलेला नसतो. त्याने फुगावे, आक्रसावे, चौकटीला मात्र धक्का लागू नये, अशी ती योजना आहे. मला हा दरवाजा आपल्या कारागिरीतला सर्वांत बुद्धिमान विचार वाटतो, कारण लाकडाचा स्वभाव मोडून न काढता त्याला जागा करून देण्याचे ज्ञान त्यात आहे. चांगल्या जेवणाच्या टेबलातही हेच दिसते : वरचा तक्ता खालच्या चौकटीला घट्ट जखडत नाहीत, सरकायला वाव ठेवून अडकवतात. दुकानात टेबल आवडले तर वाकून खालची बाजू बघावी, खण पूर्ण बाहेर काढून त्याचे कोपरे बघावेत. खुर्ची उलटी करून पायाचा सांधा पाहिला तर दुकानदाराला वाईट वाटण्याचे कारण नाही. चांगला मिस्त्री स्वतःहून दाखवतो.

दुसरी महत्त्वाची जाण म्हणजे गाभ्याचे लाकूड आणि त्याभोवतीचे कोवळे लाकूड यांतला फरक. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी असतो. त्यातली तैलयुक्त द्रव्ये वाळवीला दूर ठेवतात. कडेचे फिकट लाकूड त्याच झाडाचे असले तरी त्यात हे संरक्षण नसते आणि त्यातल्या पिठूळ अंशामुळे भुंगा तिथेच शिरतो. तेव्हा केवळ ‘साग आहे’ हे उत्तर अपुरे आहे. त्या सागाचा कोणता भाग आहे, हेही विचारायला हवे. शिवाय तो साग कुठून आला, हेही पाहावे लागते. म्यानमारने २०१४ मध्ये सागासह सगळ्या ओंडक्यांची निर्यात थांबवली. आज बाजारात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा सागही मुबलक येतो. लागवडीचे झाड कमी वयात तोडलेले असेल तर त्यात कोवळ्या लाकडाचे प्रमाण जास्त असते. ते टाकाऊ नाही, पण त्याचा भाव विदर्भातल्या आलापल्ली-बल्लारपूरच्या जुन्या सागाइतका असू नये. पिकलेला साग किती टिकतो, याचा पुरावा कार्ल्याच्या चैत्यगृहात दगडी छताखाली सुमारे दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानींच्या रूपाने उभा आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेले ट्रिंकोमाली हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

मात्र सागाच्या या कीर्तीमुळे बाकीच्या झाडांवर अन्याय झाला आहे. कोकणात फणसाच्या पिवळ्या लाकडाची दारे आणि पेटारे पिढ्यान्‌पिढ्या चालले; उजेडात ते हळूहळू गडद होत जाते आणि फार देखणे दिसते. शिवण हलकी असूनही फारशी वाकत नाही. ऐनाचे लाकूड जड, चिवट, खांब-तुळयांना योग्य. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि सहज मिळणारे, पण त्याला कीड लवकर लागते, म्हणून प्रक्रिया केलेलेच घ्यावे. ‘शिसम’ म्हणून जे विकले जाते ते बहुधा उत्तरेकडचे शिसू असते. आपल्या सह्याद्रीतला शिसव त्याचा सख्खा भाऊ, पण अधिक गडद आणि जड. २०१७ पासून या दोघांच्या संपूर्ण वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. आजीचा शिसवी पलंग परदेशातल्या घरी न्यायचा असेल तर आधी परवान्याची चौकशी करावी.

प्लायवूडला कमी लेखण्याची पद्धत मला मान्य नाही. पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून लाकडाची हालचाल जागच्या जागी अडवण्याची ती युक्ती आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटांना ती अनेकदा सागापेक्षा जास्त उपयोगी पडते. फक्त त्यावरचा भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा : ३०३ सर्वसाधारण वापरासाठी, ७१० मरीन प्लायसाठी. भुशापासून दाबून केलेल्या बोर्डाच्या उघड्या कडेला पाणी लागले की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला आणखी एक वाट मोकळी आहे, ती म्हणजे पाडलेल्या वाड्यांचे लाकूड. अनेक पावसाळे पाहिल्याने ते मुरलेले असते. आत राहिलेले खिळे आणि वाळवीची पोकळी तेवढी तपासून घ्यावी. गोव्यातल्या जुन्या घरांतल्या वेताने विणलेल्या खुर्च्याही मुद्दाम बसून पाहाव्यात : दमट हवेत पाठीला वारा लागावा म्हणून लाकूड जिथे नको तिथे कारागिराने ते काढून टाकले आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि रंगवलेले पाट हेही याच अभ्यासाचे साहित्य आहे.

पुस्तकातून हा विषय अर्धाच कळतो, म्हणून वाचकाला काही ठिकाणी जाण्याचा आग्रह करतो. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एखादी सकाळ घालवावी आणि घनफुटाचा हिशेब कसा होतो ते व्यापाऱ्याकडून समजून घ्यावे. चंद्रपूरकडे गेलात तर बल्लारपूरच्या आगारात सागाचे ओंडके प्रतवारी करून मांडलेले पाहावेत. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडांचे संग्रहालय आहे. सातशेहून अधिक वर्षे जगलेल्या देवदाराचा आडवा छेद तिथे ठेवला आहे. त्यावरची वर्तुळे मोजताना रुंद आणि अरुंद वर्षे वेगळी ओळखून पाहावीत, आणि मग घरी येऊन आपल्या टेबलाच्या कडेला तीच वर्तुळे शोधावीत.