कातीव कागद आणि दख्खनची जाळी

शिरूर तालुक्यांतील पाबळ हें गांव बहुतेक सुशिक्षित मराठी वाचकांस मस्तानीच्या नांवानें ठाऊक आहे. पाबळ, केंदूर व लोणी हीं गांवें पहिल्या बाजीरावानें तिला दिलीं; १७४० सालीं रावेरखेडी येथें बाजीराव वारले, त्यानंतर लवकरच तिचाही अंत झाला, आणि तिची कबर याच गांवीं आहे. कादंबऱ्यांनीं व बोलपटांनीं या स्थळाभोवतीं शृंगाराची इतकी आरास केली आहे कीं, त्यांतून खरा प्रश्न डोकें वर काढूं शकत नाहीं. प्रणामी पंथाचा अनुयायी असलेल्या छत्रसालाची ही कन्या पेशव्यांच्या पुण्यांत राहते, तिचा पुत्र शमशेर बहाद्दर १७६१ सालीं पानपतावर मराठ्यांच्या बाजूनें लढून मृत्यु पावतो, आणि ती स्वतः मुसलमानी रीतीनें दफन होते. ही सरमिसळ केवळ राजवाड्यापुरती होती काय? आमच्या मतें ती कारागिराच्या हातांत अधिक खोल मुरलेली होती, आणि तिचा उत्तम पुरावा कातरलेल्या कागदांत सांपडला असता. पण तो कागद दरवर्षीं पाण्यांत विरून गेला.

जाळी हा मूळांत भूमितीचा खेळ होय. वर्तुळ काढून त्याच्याच त्रिज्येनें परीघ मोजीत गेलें म्हणजे सहा बिंदु मिळतात. एका चौरसावर दुसरा चौरस अर्ध्या काटकोनांत फिरवून ठेवला म्हणजे आठ टोकांचा तारा होतो. त्या रेषा पुढें वाढवीत नेल्या कीं आकृतीस शेवट राहत नाहीं. धर्मस्थानांत सजीवांच्या प्रतिमा वर्ज्य मानणाऱ्या इस्लामी कारागिरांनीं ही विद्या पराकोटीस नेली. अहमदाबादेस सिदी सय्यदच्या मशिदीची जाळी (१५७२-७३) झाडाच्या फांद्यांची आहे. विजापुरास इब्राहिम रोज्याच्या (१६२७) खिडक्यांत अरबी अक्षरेंच दगडांत आरपार कोरलीं आहेत. पण चौरस फिरवून तारा करणें हें कोणा एका धर्माचें वतन नव्हे. यादवकालीन कांहीं देवळांचा तारकाकृति पाया याच युक्तीनें साधलेला आहे, आणि ठिपक्यांची रांगोळी घालणारी गृहिणी कंपास न घेतां तोच हिशेब बोटांनीं करते.

दगडाचें काम कागदावर आलें कीं त्याचे नियम पालटतात. कागदाची तीनदां मध्यावर घडी घातली कीं आठ पाकळ्या एका कात्रींत निघतात. सहा पाकळ्यांस मात्र अर्ध्या घडीचे तीन सारखे भाग करावे लागतात, आणि तेथें हात चुकतो. शिवाय कोरतांना आकृतीचा कोणताही तुकडा चहूंबाजूंनीं सुटला तर तो गळून पडतो. म्हणून प्रत्येक रेषा दुसरीच्या आधारानें उभी राहील असाच नमुना निवडावा लागतो. एकमेकींत गुंतलेल्या पट्ट्यांची भौमितिक जाळी कागदास इतकी मानवते ती याचमुळें. थरांचें काम त्याहून नाजूक. वरच्या थराचीं छिद्रें मोठीं, खालच्याचीं क्रमाक्रमानें लहान, आणि मध्यें पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या, म्हणजे प्रत्येक थराची सांवली पुढच्यावर पडून सपाट कागदास खोली येते. विजापुरच्या चितारी मंडळींस सतराव्या शतकांत कापलेल्या कागदाचें मोल चांगलें कळलें होतें. तेथील अबरी चित्रांत रंग कोठें लागावा व कोठें लागूं नये हें कागदी साच्यांनींच ठरविलेलें आहे.

कागदाचीही या प्रांतास वाण नव्हती. जुन्नरी व दौलताबादी कागद पेशवाईच्या दफ्तरांत भरपूर वापरला गेला, आणि पुण्याच्या कसब्यांतील कागदीपुरा हें नांव स्वतःच आपली हकीकत सांगतें. ज्या कागदावर शाई पडली तो जपला गेला व त्यावर आमच्या इतिहाससंशोधकांनीं आयुष्यें वेंचलीं. ज्यावर कात्री चालली त्याची दखल कोणीच घेतली नाहीं.

हा कातीव कागद मुख्यतः ताबुतांवर चढे. कळकाचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, बेगड, कोरीव जाळ्या, घुमट व मिनार. आणि मोहरमच्या दहाव्या दिवशीं मिरवणूक होऊन तो पाण्यांत थंड करावयाचा. महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं हिंदु मंडळी ताबूत बसवीत, खांदा देत, नवस फेडीत. १८९३ सालीं मुंबईंत दंगे झाले, आणि १८९४ पासून पुण्यांत सार्वजनिक गणेशोत्सवानें जोर धरल्यावर तेथील हिंदूंनीं मोहरमकडे पाठ फिरविली. या प्रकरणाच्या राजकीय बाजूवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस कुतूहल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. कळक, कागद, बेगड व खळ हेंच सामान गणपतीच्या मखरासही लागतें, तीच महिरप, तीच जाळी, आणि अखेर विसर्जनही पाण्यांतच. उत्सव दुरावले, पण त्यांचें सामान व आकृति सारख्याच राहिल्या. वाद घालणाऱ्यांच्या हें ध्यानांत कितपत आलें असेल, कोण जाणे! गोमंतकांतील देवळांत नवरात्रांत मखरोत्सव होतो, तेथें तर मखर मूर्तीसह झुलविलें जातें.

पुढें थर्माकोल आलें. तें हलकें, स्वस्त, सुरीनें चटकन् कापलें जाणारें. कागदी मखर पाहतां पाहतां मागें पडलें. मार्च २०१८ मध्यें राज्य सरकारनें प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या आराशीवरही बंदी घातली, आणि जी गोष्ट कलेच्या प्रेमानें झाली नव्हती ती कायद्यानें झाली : पुठ्ठा व कागद यांस पुन्हां गिऱ्हाईक मिळालें.

पाबळास याच संदर्भांत दुसऱ्यांदा यावें लागतें. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं येथें विज्ञान आश्रम काढला. हातांनीं काम करीत शिकावें, ही त्यांची शिकवण. २००२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या साह्यानें तेथें ‘फॅब लॅब’ नांवाची कर्मशाळा उभी राहिली. त्या संस्थेबाहेरील अशा अगदीं पहिल्या कर्मशाळांपैकीं ही एक. अशा कर्मशाळेच्या साधनसंचांत लेझर किरणांनीं कापणारें यंत्र असतेंच. सहा पाकळ्यांची आकृति त्यास आठ पाकळ्यांइतकीच सोपी, आणि दहा थर कापले तरी दहावा पहिल्याशीं केसभर चुकत नाहीं. मात्र सुटा तुकडा यंत्राच्या हातूनही तसाच गळून पडतो, आणि किरण कागद जाळीतच पुढें सरकत असल्यामुळें कडेस तपकिरी रेघ उमटते. कात्रीनें कापलेल्या कडेस ती नसते.