धर्मादा: बिलावरची एक ओळ

पूर आला किंवा भूकंप झाला की चार दिवसांत एक ठरावीक वाक्य सगळीकडे दिसू लागतं: आमची ही वस्तू घ्या, तिच्या विक्रीतला काही भाग आपत्तीग्रस्तांना जाईल. वाचणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एकाला कंपनीचं मन मोठं वाटतं, दुसऱ्याला त्यात निव्वळ जाहिरात दिसते. दोघंही कंपनीच्या मनात काय आहे ते ओळखू पाहतात, आणि मनातलं कुणालाच सिद्ध करता येत नसल्यामुळे वाद तिथेच अडतो.

इतिहासाकडे वळलं तर जास्त उपयोगी प्रश्न हाती लागतो. संकटातली मदत आणि विक्री, मान, प्रसिद्धी यांची सरमिसळ आजची नाही. ती पूर्वी झाली तेव्हा रक्कम कुठे लिहिली गेली, ती कुणाची मानली गेली आणि तिचा हिशेब कोण मागू शकत होतं?

मी राहते त्या जयपूरपासून सुरुवात करता येईल. राजस्थानात ‘छपनिया’ हा शब्द अजून जिवंत आहे. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. पाऊस आला नाही. अन्न, चारा आणि पाणी तिन्ही संपलं म्हणून या दुष्काळाला ‘त्रिकाल’ म्हणत. उपाशी माणसांवर मागाहून कॉलरा आणि हिवताप कोसळले. त्या वर्षी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह दुसरे यांनी १५ लाख रुपयांचे सरकारी रोखे देऊन साऱ्या हिंदुस्थानासाठी दुष्काळ निवारणाचा एक कायमस्वरूपी न्यास उभा केला. ‘इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्ट’ हे त्याचं नाव. मूळ रक्कम जपायची आणि तिच्या उत्पन्नातून मदत करायची, अशी त्याची रचना होती. पुढे त्यात आणखी भर पडली.

माधोसिंहांचा हेतू निर्मळ होता का? १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी लंडनला जाताना गंगाजलाने भरलेल्या चांदीच्या अवाढव्य घागरी बरोबर नेणारे महाराज हेच. त्या घागरी आज सिटी पॅलेसमध्ये पाहायला मिळतात. धर्म, दिमाख आणि साम्राज्यावरची निष्ठा हे सगळं एकाच माणसात होतं, आणि १५ लाखांच्या देणगीतही त्यांतलं काय किती होतं हे वेगळं काढता येणार नाही. पण रक्कम आकड्यात सांगितलेली होती, ती दात्याच्या तिजोरीतून बाहेर पडलेली होती आणि कशासाठी वापरायची ते ठरलेलं होतं. हेतूबद्दल शंका ठेवूनही त्या देणगीवर विश्वास ठेवता येत होता.

याच शहरातलं आधीचं उदाहरण रामनिवास बागेचं. महाराज रामसिंह दुसरे यांनी १८६८ साली ती दुष्काळी काम म्हणून काढली. मजुरांना मजुरी मिळाली, शहराला बाग मिळाली. देणाऱ्याचाही लाभ झाला, पण तो उघड होता. बाग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहत होती.

छपनियाच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये मात्र गोष्ट वेगळ्या तऱ्हेने घडत होती. ‘ख्रिश्चन हेराल्ड’ हे तिथलं साप्ताहिक, लुई क्लॉप्श त्याचे मालक. त्यांनी हिंदुस्थानातल्या दुष्काळासाठी वाचकांकडून निधी जमवला. मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाचं जहाज सुमारे २ लाख बुशेल मका घेऊन मुंबईकडे निघालं. साप्ताहिकात हाडांच्या सापळ्यांसारख्या माणसांची छायाचित्रं छापली जात आणि देणगीदारांच्या नावांच्या याद्याही. दुष्काळाच्या बातम्यांनी निधी वाढला आणि साप्ताहिकाचा बोलबालाही वाढला. एकाच छापील पानावर भूक, दान आणि धंदा शेजारी शेजारी नांदत होते. आजच्या कंपन्यांच्या मदत-विक्रीचं पूर्वरूप पाहायचं तर ते मला इथे दिसतं. फरक इतकाच की क्लॉप्श यांच्या वाचकाला आपलं नाव आणि आपली रक्कम यादीत शोधता येत होती. चेक शर्ट किंवा सुगंधी मेणबत्ती विकत घेणाऱ्या आजच्या ग्राहकाला तेवढंही करता येत नाही.

विक्रीला दान जोडण्याची आपल्याकडची रीत त्याहून जुनी आहे आणि तिला नावही आहे: धर्मादा. मराठीत धर्मादाय म्हटलं की आपल्याला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आठवतं. उत्तरेकडच्या बाजारपेठांत ‘धर्मादा’ ही बिलावरची एक ओळ असे. मालाची किंमत वर, त्याखाली नगामागे किंवा गठ्ठ्यामागे ठरलेली छोटीशी रक्कम, ती ग्राहकाने द्यायची आणि व्यापाऱ्याने वेगळ्या खात्यात ठेवायची. त्यातून पाणपोया, गोशाळा, धर्मशाळा, पाठशाळा चालत. व्यापाऱ्याची पत वाढे हे खरं, पण पैसा ग्राहकाचा आहे हे बिलच सांगत असे.

ही ओळ पुढे न्यायालयात गेली, आणि तिथे जे झालं ते या विषयावरचं आपल्या देशातलं सगळ्यात स्पष्ट लेखन आहे असं मला वाटतं. हाथरसची बिजली कॉटन मिल्स ही गिरणी सूत विकताना धर्मादा घेत असे. ही रक्कम गिरणीचं उत्पन्न आहे, तिच्यावर कर द्या, असं आयकर खात्याचं म्हणणं होतं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. व्यापारी रिवाजात धर्मादा या शब्दाचा अर्थ पक्का आहे. ग्राहकाने तो दिला त्या क्षणापासून त्या पैशावर दानाचं बंधन आहे. गिरणीच्या हातून तो जातो, पण तो तिचा होत नाही.

चाळीस वर्षांनी हाच प्रश्न महाराष्ट्रातून वर गेला. संगमनेरचे तंबाखू उत्पादक डी. जे. मालपाणी ग्राहकांकडून धर्मादा घेत. तो मालाच्या किमतीत धरून त्यावर उत्पादन शुल्क लावावं, अशी केंद्रीय अबकारी खात्याची मागणी होती. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्मादा हा मालाचा मोबदला नव्हे. तो दानासाठी विश्वस्त म्हणून सांभाळलेला पैसा आहे.

दोन्ही खटले कराचे होते, आपत्तीचे नव्हते. आणि तंबाखूवरच्या धर्मादाने तंबाखूचं पाप फिटतं का, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. पण त्यांतून निघालेलं तत्त्व इथे नेमकं लागू पडतं. किंमत आणि दान या दोन रकमा आहेत. त्या वेगळ्या लिहिल्या तर दान ग्राहकाचं राहतं आणि दुकानदार त्याचा विश्वस्त होतो. त्या एकात मिसळल्या तर सगळा पैसा दुकानदाराचा होतो, आणि मग तो जे देईल ते त्याची मर्जी.

‘विक्रीतला काही भाग’ या शब्दांत नेमकी हीच मिसळ आहे. मूळ इंग्रजी शब्द असतो ‘प्रोसीड्स’. तो इंग्रजीत सोयीस्करपणे धूसर आहे. मराठीत आणताना अनुवादकाला ठरवावंच लागतं: विक्रीची रक्कम, उत्पन्न की नफा? असाच एक मजकूर माझ्याकडे आला होता, तेव्हा मी तिन्हींपैकी कोणता शब्द हवा असं विचारलं. कंपनीकडून उत्तर आलं की वाचायला बरा वाटेल तो घाला. हा शब्दांचा कीस नाही. समजा शर्टाची किंमत १,००० रुपये आहे आणि त्यात नफा ८० रुपये. विक्रीच्या दहा टक्के म्हणजे १०० रुपये, नफ्याच्या दहा टक्के म्हणजे ८ रुपये. ‘काही भाग’ म्हणजे एक रुपयाही असू शकतो. शिवाय देणगी शेवटी कंपनीच्या नावाने गेली तर पावतीही कंपनीच्याच नावाची येते. आपण दान केलं असं समजून ग्राहक घरी जातो, आणि कागदावर तो फक्त गिऱ्हाईक असतो.

हेतू चांगला असला की हिशेब आपोआप चांगला राहतो, असंही नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रवि शंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी मैफली केल्या. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लवकर मिळाले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांच्या विक्रीचा मोठा पैसा मात्र वर्षानुवर्षं अडकला, कारण करमाफीची व्यवस्था आधी केलेली नव्हती. निर्वासित आपल्या नव्या देशात परतले तरी पैसा अमेरिकेतल्या कागदपत्रांतून बाहेर यायचा होता. वस्तू विकून मदत करायची तर वाटेत वितरक, रेकॉर्ड कंपनी, करखातं असे अनेक हात येतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं घड्याळ निराळं असतं.

याच्या उलट ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरची दोन उदाहरणं पाहता येतील. लातूर जिल्ह्यातल्या चिंचोली (जोगन) गावात ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ने ५८ घरांच्या बांधकामाचा खर्च उचलला. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उधारीवर सुरू केलेली ही संस्था. भूकंपग्रस्तांसाठीचा पैसा सभासद भगिनींनी आपल्या रोजच्या मजुरीतून दिला. दुसरं उदाहरण केरळच्या ‘मलयाळ मनोरमा’ या दैनिकाचं. त्याच्या वाचकांच्या देणग्या आणि संस्थेचा वाटा यांतून लातूर जिल्ह्यातल्याच बाणेगावचं पुनर्वसन झालं. पापडाचं नाव झालं, दैनिकाचंही झालं. पण गावाचं नाव सांगितलेलं होतं आणि कुणीही एस.टी.ने जाऊन घरं मोजू शकत होतं.

मोजता येणं ही विश्वासाची पहिली पायरी. तिच्यावर थांबून चालत नाही, हेही किल्लारीनेच शिकवलं. भूकंपानंतर सुमारे पन्नास गावं नव्या जागी हलवली गेली. त्यांतल्या अनेकांचा आराखडा शहरी वसाहतीसारखा सरळ रेषांचा निघाला. वाडा, गल्ली, ओसरी, गुरांची जागा यांवर उभं असलेलं जगणं त्या चौकटींत बसेना, हे अभ्यासकांनी पुढे नोंदवलं. घरांचा आकडा बरोबर असला तरी घरात राहणाऱ्याला विचारलं होतं का, हा रकाना बहुतेक हिशेबांत नसतो. माधोसिंहांच्या न्यासात तो नव्हता, ‘क्विटो’च्या मक्यातही नव्हता.

तो रकाना भरलेला दिसतो तो आपत्तीग्रस्त स्वतःच विक्रेते असतात तिथे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळात पूर आला तेव्हा चेंदमंगलमच्या हातमागांवर ओणमसाठी विणून ठेवलेला माल चिखलात गेला. त्या डागाळलेल्या कापडातून स्वयंसेवकांनी ‘चेकुट्टी’ नावाच्या बाहुल्या केल्या. एकीची किंमत २५ रुपये. सुमारे १,३०० रुपयांच्या एका साडीतून ३६० बाहुल्या होत, म्हणजे ९,००० रुपये. पैसा विणकरांच्या सोसायटीला गेला. डाग लपवला नव्हता. तोच विकला होता. इथे ‘काही भाग’ असं म्हणायची गरजच पडली नाही.

कायद्यानेही अलीकडे थोडी रेघ ओढली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. २०१९ मध्ये त्या यादीत आपत्ती व्यवस्थापन स्पष्ट शब्दांत आलं. २०२१ च्या नियमांनी असंही सांगितलं की आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व यात धरता येणार नाही. पण हा सगळा हिशेब कंपनीच्या नफ्याचा आहे. दान समजून ग्राहकाने दिलेल्या पैशाचं वेगळं खातं त्यातून उघडत नाही.

तेव्हा अशा विक्रीवर विश्वास ठेवावा का? माझं उत्तर असं: धर्मादाची ओळ असेल तर ठेवावा. म्हणजे नगामागे किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या संस्थेला आणि कोणत्या गावासाठी, हे लेबलवर लिहिलेलं असेल आणि शेवटी एकूण आकडा जाहीर होणार असेल, तर कंपनीच्या मनात काय आहे याची चौकशी करायचं कारण नाही. तिला प्रसिद्धी हवी असेल तर मिळू दे. ही ओळ नसेल तर शर्ट आवडला म्हणून घ्यावा, आणि द्यायचं असेल ते थेट द्यावं, पावती घेऊन. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या दोन आहेत. हाथरसच्या सुताच्या बिलावर त्या दोन ओळींत लिहिल्या जात होत्या, आणि तेवढी शिस्त मागायला आपण संकोचू नये.