काचेतले बाळ आणि खुडूक कोंबडी

अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले की आमच्या कोल्हापुरात घरी निरोप येतो, ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात हा निरोप ऐकून आई मटकन खाली बसली होती. ‘काच’ या शब्दातून तिला एवढेच कळले, की मूल आईपासून तोडले.

या पेटीचे पहिले नाव मात्र आईपणाचेच होते. १८७८ साली स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने पॅरिसच्या प्राणी-उद्यानात कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले. ते बनवणाऱ्या ओदील मार्तँ यांच्याकडून त्याने मुलांसाठी तसेच यंत्र करून घेतले. दुहेरी भिंतींची लाकडी पेटी, भिंतींत भुसा, खाली गरम पाणी. १८८३ साली त्याचे सहकारी ओव्हार यांनी आकडे छापले : दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांतील मृत्यू ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले होते.

फ्रेंचांनी पेटीला ‘कुव्होझ’ म्हटले. त्याचा मूळ अर्थ अंड्यांवर बसलेली कोंबडी, म्हणजे आपली खुडूक कोंबडी. डचांनी हा शब्द जसाच्या तसा घेतला, तुर्कीत तो ‘कुव्होझ’च राहिला, रशियनमध्ये ‘कुव्हेझ’ झाला. त्या भाषांत कोंबडी विसरली गेली, उरले फक्त यंत्र. जर्मनांनी स्वतःचा ‘ब्रूटकास्टन’ घडवला, अर्थ उबवणपेटी. इंग्रजी ‘इन्क्युबेटर’ आणि फ्रेंच ‘कुव्होझ’ यांचे लॅटिन मूळ एकच.

मराठी माणसाने यांतले काहीच न घेता दाराबाहेरून जे दिसले त्याला नाव दिले : काच. आज पुष्कळ बाळे वरून ऊब देणाऱ्या उघड्या वॉर्मरवर असतात. तिथे बंद पेटी नसते, तरी नातेवाईक ‘काचेत’च म्हणतात.

१९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून बाळांना आईच्याच छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच आजची कांगारू पद्धत. पेटीने जिची जागा घेतली होती, ती ऊब पुन्हा आईकडे आली.

‘उबवणे’ आपल्या घराघरातले क्रियापद आहे. कोंबडी खुडूक बसली की टोपलीत पेंढा घालून तिच्याखाली अंडी ठेवणाऱ्या माझ्या आईला ‘बाळाला उबेला ठेवलंय’ असा निरोप लगेच कळला असता. बाळाची काळजी तिला तेव्हाही वाटली असती; पण बाळाचे चालले आहे काय, हे तरी समजले असते.